लोखंडाचा कल

"ताई, हे जरा जपून. एवढंच आहे," म्हणत निशा मॅडमनं पॉलिथिनची पिशवी रंजीतासमोर ठेवली.

पिशवीत लोखंडाचे दोन तुकडे होते. बाहेरच्या अंगाला पिवळा रंग आणि फुटलेल्या अंगाला खडीसाखरेसारखी चमक. रंजीतानं एक तुकडा हातात घेतला.

"कुठला आहे, मॅडम?"

"घुग्घुसच्या रस्त्यावरच्या कारखान्यातला. क्रेनच्या बीमचा कान तुटला ना, त्यात माणूस गेला. चौकशीवाल्यांनी पाठवलाय. लोखंड आपोआप फुटलं की जास्त वजन टांगल्यामुळं, ते आपण सांगायचंय."

रंजीतानं तुकडा उलटून पाहिला. तो कान म्हणजे भोक असलेली जाड पट्टी. त्यात साखळीची कडी अडकवून माल उचलतात, हे तिला ठाऊक होतं. ती कडी त्या दिवशी कोणी अडकवली हेही तिला ठाऊक होतं. लटारूनं, तिच्या नवऱ्यानं.

चंद्रपुरातल्या एका अभियांत्रिकी संस्थेच्या धातू प्रयोगशाळेत रंजीता मदतनीस होती. नमुने तयार करणं हे तिचं काम. तुकडा कापायचा, बेकेलाइटच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, काळ्या वडीत बसवायचा आणि जाड्या घासकागदापासून बारीक घासकागदापर्यंत पाण्याखाली घासत न्यायचा. मग मखमलीसारख्या कापडावर फिरवत ठेवायचा, तोंड दिसेपर्यंत. पुढचं काम मॅडमचं. लोखंड वरून एकसंध दिसलं तरी आत ते बारीक बारीक स्फटिकांचं बनलेलं असतं आणि प्रत्येक कण कुठल्या ना कुठल्या दिशेला कललेला असतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तो कल ओळखतो आणि पडद्यावर दिशेप्रमाणे रंग भरतो. नमुन्यावर ओरखडा राहिला की पडद्यावर नुसता काळा कचरा येतो.

या प्रयोगशाळेत लटारूचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. रंजीता भद्रावतीहून एसटीनं यायची, डबा खायची, एसटीनं परत जायची. घरचं बोलण्याची तिला सवय नव्हती. नवरा कारखान्यात आहे, एवढंच तिनं कधीतरी सांगितलं होतं.

तिनं तुकडा कापायच्या यंत्रात लावला.

*

लटारू खलाशी होता. खलाशी म्हणजे क्रेनला माल बांधणारा, हात वर करून क्रेनवाल्याला इशारा देणारा. मुखरू त्याचा जोडीदार. दोघं एकाच पाळीत, एकाच गल्लीत राहणारे, एकाच सायकलवर जाणारे. मुखरू खाली उभा राहून दोरीनं माल सरळ ठेवायचा. त्या दिवशी पत्र्यांचा गठ्ठा छातीएवढा वर गेला, कडाक्कन आवाज झाला आणि गठ्ठा आला तो मुखरूवर.

कारखान्यात लगेच कुजबुज सुरू झाली. लटारूनं दोन गठ्ठे एकत्र बांधले होते. लटारूनं तिरपी साखळी लावली. लटारूनं घाई केली. मालकाच्या माणसानं तर त्याला कामावर यायचं नाही असं सांगून टाकलं. मुखरूच्या बायकोला, आशाबाईला, हे सगळं तेराव्याच्या आतच कोणीतरी नेऊन सांगितलं.

तेव्हापासून आशाबाई रोज सकाळी रंजीताच्या दारासमोर येऊन उभी राहायची. ओरडायची नाही. साध्या आवाजात बोलायची, म्हणून ते जास्त लागायचं.

"झोपला हाय का व तुया नवरा? झोपू दे. माया नवऱ्याले झोपवलं त्यानं, आता त्याले कायची चिंता."

रंजीता दारात उभी राहून ऐकून घ्यायची. आत लटारू भिंतीला टेकून बसलेला असायचा. पहिल्या दिवसांत एकदा तो उठून बाहेर जायला निघाला होता, पण आशाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो दारातूनच परतला. त्यानंतर तो बाहेर पडला नाही. बसल्याबसल्या त्याचे हात चालायचे. हवेत कडी धरल्यासारखी धरायचा, अडकवायचा, कडीचा खिळा फिरवायचा, ओढून पाहायचा. पुन्हा पहिल्यापासून.

"एकच गठ्ठा होता," तो मधेच म्हणायचा. मग थोड्या वेळानं, "एकच होता ना व?"

"मले का माहीत, मी होतो का तिथी," रंजीता सुरुवातीला म्हणायची. नंतर तिनं उत्तर देणं सोडून दिलं. त्याला स्वतःलाच आता खात्री राहिली नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं तुकड्याचं काहीच सांगितलं नाही. भाकर वाढली, तो जेवला नाही, तिनं ताट झाकून ठेवलं.

*

दुसऱ्या दिवशी नमुना जवळजवळ तयार झाला. रंजीता कापडाच्या चकतीवर तो धरून उभी होती. बोटांना चकतीची थरथर लागत होती. लोखंड उजळत चाललं होतं.

मॅडमनं मागं एकदा समजावलं होतं ते तिला आठवत होतं. जास्त वजनानं ओढलं की फुटण्याआधी लोखंड ताणतं. कडेचे कण लांबतात, वाकतात. यंत्रातून ते लपत नाही. म्हणजे लटारूनं दोन गठ्ठे बांधले असतील तर ते इथं, तिच्या बोटाखाली, लिहिलेलं होतं. उद्या पडद्यावर आलं की मग कोणी कुजबुजणार नव्हतं. सरळ सांगतील.

आज निदान शंका तरी होती. शंकेत माणूस जगू शकतो, असं तिला वाटलं. बाजूला जाड्या कागदाचा तुकडा पडलेला होता. दोनदा जोरानं घासलं असतं तर कड गोल झाली असती आणि फुटलेल्या जागेचं काही कळलं नसतं. मॅडमला वाटलं असतं, ताईचा हात चुकला. दुसरा तुकडाही आपल्याच हाती येणार होता.

तिनं यंत्र बंद केलं. चकती थांबेपर्यंत पाहत राहिली. मग नमुना कापसात गुंडाळून मॅडमच्या खोलीत गेली.

निशा उसेंडी वयानं तिच्यापेक्षा बरीच लहान. भामरागडकडची, नागपूरला शिकलेली. संगणकात डोकं घालून बसली होती.

"मॅडम, हे मी नाई करू शकत."

"का? काही बिघडलं का?"

"नाई. नमुना चांगला आहे. पण ज्यानं कडी लावली होती तो माया नवरा होय, लटारू."

निशानं खुर्ची मागं सरकवली.

"काल का नाही सांगितलं?"

"वाटलं, मीच पाहीन. कोणाले कळाच्या आधी मले कळन."

"ताई, तुम्ही हात लावलेला नमुना आता मला वापरता येत नाही. चांगला असला तरी." तिचा आवाज चढला नव्हता, पण कोरडा झाला होता. "उद्या कोणी विचारलं तर सगळा अहवालच खोटा ठरेल. तुमच्या नवऱ्याच्या बाजूनं निघाला तरी."

"म्हणूनच सांगितलं."

निशानं कापसातला नमुना घेतला, त्यावर तारीख टाकून कपाटात बंद केला. दुसरा तुकडा मी स्वतः करीन, म्हणाली. "तोवर तुम्ही या खोलीत येऊ नका. आणि मला विचारू नका. अहवाल गेल्यावरच सांगेन."

रंजीताला वर्कशॉपच्या भांडारात बसवलं. तिथून प्रयोगशाळेची काच दिसायची. निशा पाण्याखाली तुकडा घासताना पाठमोरी दिसायची. एकदा रंजीता पाणी प्यायला गेली आणि परत येताना नकळत त्या दारापाशी थांबली. निशानं मान वर केली. रंजीता तशीच पुढं निघून गेली.

घरी लटारूनं जेवण जवळजवळ सोडलंच होतं. रविवारी त्याची दाढी करायला तिनं स्वतः वस्तरा घेतला. मान वर करून तो मुकाट बसला. त्याच्या गळ्याला वस्तरा टेकला तेव्हा तिला एकदम भीती वाटली. वस्तऱ्याची नव्हे, तो किती निवांत बसलाय त्याची.

*

अहवाल गेला त्या दिवशी निशानं तिला स्वतः बोलावलं. पडद्यावर रंगांचं चित्र होतं. रांगोळीसारखं ठिपक्याठिपक्यांचं, पण एका बाजूनं खालपर्यंत तांबड्या रंगाचा पट्टा गेलेला.

"बसा, ताई. हे पाहा, ही फुटलेली कड. इथं कण वाकलेले नाहीत, ताणलेले नाहीत. जास्त वजनानं ओढलं असतं तर एकेका कणात रंग बदलत गेलेला दिसला असता. तसं कुठंच नाही."

रंजीतानं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"आणि हे तांबडं म्हणजे काय, सांगते. माझे बाबा बांबू फाडायचे. उभा फाडला तर एका घावात दोन होतो, आडवा तुटता तुटत नाही. लोखंडाची पट्टी लाटून काढतात ना, तेव्हा कण एका अंगाला कलतात. मग तिचीही एक बाजू सोपी होते, फुटायला. हे सगळे तांबडे कण तशा बाजूनं बसलेत, नेमके भेगेच्या वाटेवर. ज्यानं कोणी हा कान कापला त्यानं पट्टीची दिशा पाहिलीच नाही. चुकीच्या अंगानं कापला. त्यात लोखंडही हलक्या प्रतीचं होतं. एवढे दिवस टिकला हेच नवल."

"म्हणजे एकच गठ्ठा होता?"

"गठ्ठे किती होते ते लोखंड सांगत नाही, ताई. पण नेहमीच्या वजनालाही तो फुटलाच असता. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या कोणाच्या हातून." निशा थांबली. "तुमच्या नवऱ्याची चूक दिसत नाही. तसंच लिहिलंय मी."

रंजीतानं मान हलवली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. तिनं विचारलं, "तांबडा रंग तुम्ही दिला का यंत्रानं?"

"यंत्रानं. तसं ठरलेलंच असतं."

"बरं," ती म्हणाली आणि उठली.

*

लटारूनं सगळं ऐकून घेतलं. रंजीतानं बांबूचं उदाहरण दिलं, ते त्याला पटकन समजलं. तो आरमोरीकडचा, लहानपणापासून बांबू फाडलेला माणूस.

"म्हणजे मुखरू तसाही गेलाच असता?"

"मुखरू नाई तर दुसरा कोणी."

"दुसरा कोणी नाई. मुखरूच गेला." त्याचे हात मांडीवर पडले होते, हलत नव्हते. मग तो म्हणाला, "आशाबाईले सांगाले पाहिजे. मी येतो."

अपघातानंतर पहिल्यांदाच तो गल्लीत उतरला. दिवस कलायला आला होता. ओट्यांवर बसलेल्या लोकांनी बोलणं थांबवलं. आशाबाई आपल्या दारात सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. लटारू पायरीच्या खाली उभा राहिला, वर चढला नाही. बोलली ती रंजीताच. यंत्राचं फार न बोलता तिनं एवढंच सांगितलं, की लोखंड चुकीचं कापलेलं होतं, ते कसंही फुटणार होतं, सरकारात तसं लिहून गेलंय.

सगळं ऐकून आशाबाई म्हणाली, "कोणं कापलं?"

"ते नाई माहीत. कुठून तरी तयार आलं होतं."

"नाव नाई त्याले?"

"नाई."

आशाबाईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"सकाळी उठलो का मी तुया दारी येत होतो," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच उठत होतो, रंजीता. नाई तर उठाले मन नाई होत. तुया नवऱ्याले दोन गोष्टी बोल्लो का मंग चूल पेटवत होतो. आता मी कोणाले बोलू? लोखंडाले?"

लटारूनं खाली मान घातली.

"मलेच बोलत जा, आशाबाई," तो हळू म्हणाला. "मी ऐकीन."

"आता कसं बोलू," आशाबाई म्हणाली. "आता तर खोटं होईन ते."

कोणी जा म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. लटारू तिथंच खालच्या पायरीवर टेकला, रस्त्याकडे तोंड करून. आशाबाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि निवडायला लागली. बोटं भराभर चालत होती. काहीतरी उचलायची, बाजूला टाकायची, पुन्हा उचलायची. रंजीता ओट्याला धरून उभी होती. तिचं लक्ष जमिनीवर गेलं. आशाबाई खडे म्हणून बाजूला टाकत होती ते सगळे अख्खे, चांगले तांदूळ होते. उजेड जाईपर्यंत तो छोटा ढीग वाढत राहिला.