गेरूचा त्रिकोण

कुलूप लावून सुनीती दारापुढच्या पायऱ्या उतरू लागली की विश्वजीत आठल्ये दाराला कान लावून उभा राही. चपलांचा आवाज वळणावर मंदावे, खाली दगडी गल्लीत उतरे आणि मग घंटा, सायकली, दूधवाले यांच्या गलबल्यात विरून जाई. उरे ते फक्त दार. जुने, जड, बाहेरून बंद.

तो निवृत्त लेफ्टनंट कर्नल होता. सैन्यासाठी नकाशे करणाऱ्या तुकडीत त्याची उमेदीची वर्षे गेली होती. ज्या खिंडींना मेंढपाळांनीही नाव दिले नव्हते त्यांना त्याने उंची दिली होती, आणि ज्या कड्यांवर ढगही टेकत नसत तिथे दुर्बिणीची तिपाई रोवून क्षितिजाचे तुकडे मोजले होते. रजेच्या आणि शिबिरांच्या दिवसांत तो रग्बी खेळे, आणि साधासुधा नव्हे, देशाच्या निळ्या जर्सीत, पुढच्या फळीत, डोके खाली घालून समोरच्या आठ माणसांचा रेटा खांद्यावर झेलत. डावा कान त्या रेट्यात चुरगळला तो कायमचा. आता काशीत, रामघाटाच्या गल्लीत, त्या खेळाला त्याच्या लांबट चेंडूवरून ‘अंडेवाला खेल’ म्हणत.

परदेशातल्या एका सामन्यात डोक्याला मार बसूनही तो अखेरपर्यंत खेळला होता. आपण हरलो हे त्याला जेवणाच्या टेबलावर इतरांकडून कळले तेव्हा सारा संघ हसला होता, तोही हसला होता. आता पंचावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी मेंदूच्या चित्रातल्या काळ्या पोकळ्यांवर पेन टेकवले, तेव्हा त्याला ते हसू आठवले.

“आधी वाटा जातील,” डॉक्टर म्हणाले होते. “नावं नंतर.”

वाटा गेल्या. भाद्रपदात तो दही आणायला म्हणून उतरला आणि दिवेलागणीला राजघाटच्या पुलाखाली सापडला, पायांत चिखल, हातात रिकामा डबा. सुनीती मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवी, तिला घरी बसणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवसापासून कुलूप आले.

“कैद्यालासुद्धा तारीख देतात, सुनीती.”

“मग त्या तारखेला कैद्याची बायकोही सुटत असेल. मला कोण सोडवणार, सांगा ना!” ती पोळी लाटत होती, लाटणे थांबले नाही. “अहो, तासाला उभी असते ना, तेव्हा डोळ्यांपुढे पुस्तक नसतं. तुम्ही असता. पाण्याच्या काठाशी.”

रात्रभर विचार करून त्याने सकाळी एक करार पुढे ठेवला. रविवारी त्याने एकट्याने निघायचे, बालाजी घाटावरच्या देवळातून प्रसाद घ्यायचा आणि परत यायचे. कुणाला वाट विचारायची नाही. आला तर कुलूप गंगेत.

“आणि नाही आलात तर?”

“तर किल्ली तुझी. पुन्हा शब्द काढणार नाही.”

“थंडी पडू दे,” ती शेवटी म्हणाली, “घाटावरचा पुराचा गाळ वाळू दे. मग पाहू.”

तो अवधी त्याने वाया घालवला नाही. संध्याकाळी सुनीती त्याला फिरायला नेई, त्याच्या बाहीला धरून. ती भाजीवाल्याशी हुज्जत घालायला थांबली की तो खिशातून गेरूचा खडा काढी आणि वळणावरच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, एक छोटा त्रिकोण काढी. मध्ये ठिपका. सर्वेक्षणाच्या नकाशावर पक्क्या मोजलेल्या बिंदूची ती खूण असते. आकड्यांवर त्याचा आता विश्वास उरला नव्हता, म्हणून ठिपक्यापासून त्याने एक बारीक रेघ ओढली, घराच्या दिशेने. पहिला त्रिकोण स्वतःच्या दाराच्या चौकटीवर काढला, कारण माणूस जिथून मोजायला निघतो तिथेच परत येऊन आकडे जुळले, तरच ती मोजणी खरी. लडाखमध्ये निनाद नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने न जुळणारे आकडे तंबूत बसून जुळवून टाकले होते. विश्वजीतने त्याला बर्फात पुन्हा कड्यावर चढवले होते. “चूक चालेल,” तो तेव्हा म्हणाला होता. “जुळवलेलं चालणार नाही. या नकाशावर विसंबून कुणीतरी पाऊल टाकणार आहे.”

त्रिकोणांची माळ बालाजी घाटापर्यंत पुरी झाली आणि सुनीतीला खोकला झाला. फिरणे बंद पडले. त्या दिवसांत बंद दाराआड तो डोळे मिटून आपली माळ मनातल्या मनात ओढत बसे, आणि एखादा मणी हरवला तर पुन्हा दारापासून सुरुवात करी.

अखेर पौषातला एक रविवार ठरला. धुके असे होते की गल्लीच्या वर आकाश आहे हे केवळ सवयीने मानायचे. सुनीतीने त्याच्या मफलरची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

“मी इथेच दारात आहे.”

“हलू नकोस,” तो म्हणाला. “सुरुवातीचा बिंदू हलला तर सगळंच गेलं.”

जाणे उताराचे होते. काशीत उतरणारी प्रत्येक वाट कधीतरी पाण्याला भेटते, आणि बालाजीच्या देवळातली घंटा धुक्यातून त्याला पुढे ओढत होती, भिंती न्याहाळायची गरजच नव्हती. वाटेत आपला एक त्रिकोण दिसला. कुणीतरी त्यावर झेंडूचे फूल चिकटवले होते. त्याला हसू आले. देवळात त्याने हात जोडले, पानाच्या द्रोणात साखरफुटाणे घेतले, आणि द्रोण छातीशी धरून तो वळला, जसा एकेकाळी चेंडू धरून वळत असे.

पहिल्याच वळणावर दोन त्रिकोण होते. एक डाव्या भिंतीवर, एक उजव्या.

तो थांबला. गेरू आता गेरू राहिला नव्हता, त्यावर शेंदराचा जाड थर होता आणि त्या थराखाली घराकडे नेणारी रेघ बुडून गेली होती. त्याने डावी वाट धरली. पुढच्या भिंतीवर तीन त्रिकोण. त्यापुढे एका गटाराच्या वर एक, विजेच्या डब्याखाली एक, बंद खिडकीच्या दोन्ही अंगांना एकेक, सगळे ठिपक्यासकट, सगळे शेंदरी, सगळे ताजे. जणू रात्रीतून कुणी त्याच्या मेंदूतून ती एक खूण उचलली होती आणि साऱ्या शहरावर उधळून दिली होती, जेणेकरून प्रत्येक जागा घराकडे जाणारी व्हावी आणि एकही जागा घराची राहू नये. तो परत फिरला. परतीचे वळण तेच नव्हते. नदी डावीकडे हवी होती, पण धुक्यात नदी कुठेच नव्हती. घंटाही थांबली होती.

तो धावू लागला. द्रोणातले फुटाणे सांडत गेले.

एका चौकात, कोपऱ्यावरच्या भिंतीशी, गीता नावाची फुलवाली एका मोठ्या त्रिकोणाला माळ घालत होती. विश्वजीतने तिला बाजूला सारले आणि तळहाताने तो शेंदूर पुसायला सुरुवात केली. खाली रेघ असेल. रेघ असलीच पाहिजे.

“अरे, ई का करत हौआ!” ती किंचाळली. “देवीजी हईं!”

“देवी नाही ही! माझी आहे, मी काढली आहे!” तो मराठीत ओरडत होता हे त्याला कळले नाही. शेंदराखाली नुसता चुना निघाला. त्याने हा बिंदू कधी काढलाच नव्हता.

माणसे जमली. कुणी म्हणाले पागल, कुणी म्हणाले पिया हुआ है, आणि एका जाड्या माणसाने मागून त्याचा दंड धरला. त्या स्पर्शासरशी जे विसरायला हवे होते तेच शरीराला आठवले. गुडघे वाकले, खांदा खाली गेला, आणि तो माणूस दुधाच्या रिकाम्या कॅनांवर आडवा झाला. लगेच, त्याच जुन्या शिस्तीने, विश्वजीतने पकड सोडली, बाजूला लोळला, उठला, आणि पडलेल्याला उठवायला हात पुढे केला. हात कोपरापर्यंत शेंदरी होता.

“करनल साहब?” पडलेला माणूस म्हणाला.

तो गोपीनाथ होता, रामघाटाच्या तोंडाशी लस्सी विकणारा, शेजारचाच. त्याने उठून धोतर झटकले आणि जमावाला हाताने मागे लोटले. “जाने दो भाई, अपने ही आदमी हैं. देश के लिए खेले हैं. आज पता चल गया कैसे खेले होंगे.” कुणीतरी हसले, गीता पुटपुटत फुले गोळा करू लागली, आणि गर्दी पांगली.

“ये तिकोन किसने बनाए?” विश्वजीतने विचारले.

गोपीनाथ जरा फुशारकीनेच म्हणाला, “हमने. मतलब पहला तो मइया ने आप ही बनाया. हमारी दुकान की दीवार पर एक सुबह निकल आया. साहब, बीस बरस से लोग उस कोने में पान थूकते थे. शंकरजी की टाइल लगवाई, उस पर भी थूक गए. और इस तिकोन पर? एक छींटा नहीं! तो हमने सिंदूर चढ़ाया, फिर सबको बताया. अब पूरा मोहल्ला बना रहा है.” मग त्याला विश्वजीतचा चेहरा दिसला आणि त्याचा आवाज खाली आला. “काहे, कुछ गलत हो गया का?”

विश्वजीतने नकारार्थी मान हलवली. गोपीनाथने त्याचा हात धरला. दोघे चालू लागले. वाटेत प्रत्येक भिंतीवर ती खूण होती, आणि प्रत्येक खुणेपाशी गोपीनाथचा मोकळा हात नकळत कपाळाकडे जात होता.

शेवटच्या वळणावर गोपीनाथ थांबला. कराराची गोष्ट त्याला ठाऊक होती. सुनीतीने सकाळीच त्याला यांच्यावर नजर ठेवू नका म्हणून बजावले होते.

“यहाँ से सीधा है,” तो हळूच म्हणाला. “दाहिने हाथ पर आपका दरवाजा. हम आगे नहीं आएँगे. भाभीजी को क्या मालूम!”

विश्वजीत एकटा पुढे झाला. दार दिसले. चौकटीवरचा त्रिकोणही दिसला, फिका, गेरूचा, रेघेसकट, कारण त्याच्या घराच्या चौकटीवर शेंदूर चढवायला कुणी धजले नव्हते. उंबऱ्यात सुनीती उभी होती. सकाळपासून ती तिथेच होती, तिच्या शालीवर धुक्याचे थेंब होते. त्याला पाहताच तिचा चेहरा असा उजळला की कित्येक महिन्यांत त्याने तो तसा पाहिला नव्हता.

“आलात!” ती म्हणाली, आणि हसत, रडत, तिने पदराखालून कुलूप काढले. “आलात हो! चला, आत्ता जाऊन टाकून येऊ. दोघं जाऊ.”

त्याच्या हातात रिकामा द्रोण होता. एक शब्दही न बोलता तो आत जाऊ शकला असता. आकडे जुळले होते. निघाल्या जागी माणूस परत आला होता, सुरुवातीचा बिंदू हलला नव्हता, आणि या नकाशावर विसंबून उद्या ती शाळेत जाणार होती, तासाला उभी राहणार होती, तिच्या डोळ्यांपुढे निदान एक दिवस पुस्तक राहणार होते.

“मला गोपीनाथने आणून सोडलं,” तो म्हणाला.

तिचे हसू लगेच गेले नाही. ते चेहऱ्यावर तसेच राहिले, मागे काहीही नसताना.

“कुठून?”

“माहीत नाही.”

ती त्याच्या शेंदरी हातांकडे पाहत राहिली. मग तिने बादलीत पाणी घेतले, त्याला ओट्यापाशी बसवले आणि त्याचे हात चोळून चोळून धुतले. शेंदूर नखांत राहिला. कुलूप मोरीच्या कठड्यावर पडले होते. त्याने ते उचलून ओल्या हाताने तिच्या मुठीत दिले आणि तिची बोटे त्यावर मिटवली.

सोमवारी सकाळी तो नेहमीसारखा दाराआड उभा राहिला. कडी सरकली. मग कुलपाचा नेहमीचा आवाज आला नाही. त्याऐवजी चौकटीशी बांगड्या किणकिणल्या, कमरेच्या उंचीला, जिथे त्रिकोण होता तिथे, आणि बराच वेळ तिथेच राहिल्या, जणू बोट रेघेवरून फिरत होते.

मग कुलूप लागले.