झापड, अंधारी

सुईचं नेढं कुठे गेलं?... दोरा थुंकीनं ओला करून महादेवी तो पुन्हा पुन्हा हवेतच ओवत होती. मांडीवर बैलाची झापडं, एका बाजूची शिवण उसवलेली. आणि घाण्याला जुंपायचा बैल समोर उघड्या डोळ्यांनी उभा. तुझं बरं आहे बाबा, तुझी संध्याकाळी सुटतात.

सकाळी पूजेला बसली, तेव्हा डाव्या तळहातावरचं इष्टलिंग तिला दिसलं नव्हतं. भस्माचा वास आला, वजन लागलं, पण लिंग कुठेच नव्हतं! तिचा धीर सुटला तो तेव्हा.

वीरभद्राला, नवऱ्याला, तिनं मागेच सांगितलं होतं की. "आवं, माझ्या डोळ्यावर झापड यायलीय." घाण्यात करडई ओतता ओतता तो हसला होता, "मग पड की घडीभर!" बैलाला झापडं बांधण्यात ज्याची हयात गेली, त्यालाही बायकोच्या डोळ्यावरची झापड म्हणजे झोपच वाटावी... परभणीच्या सरकारी दवाखान्यात हैदराबादेहून डोळ्यांचा डॉक्टर आलाय म्हणे. पण गाडी जुंपायची, तर आधी कुणाला कळायला तर हवं.

म्हणून आज तिनं शब्द बदलला. माहेरी, ताडकळसला, बैलाच्या झापडांना अंधारी म्हणतात. सासूला, नागुबाईला, ती म्हणाली, "आत्याबाई, मला अंधारी यायलीय."

नागुबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. "आगं माय माझी! कवापासून? मळमळायलंय का?" उत्तराला न थांबता तिनं महादेवीच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला, गालाला गाल लावला. तो गाल ओला होता. लग्न झाल्यापासून जिच्या तोंडी वांझोटीशिवाय हाक नव्हती, ती बाई रडत होती.

"आत्याबाई, मला परभणीला..."

"गाडीचं तर नावच काढू नगंस! लय धक्के बसत्यात." आणि नागुबाईनं तिच्या हातातली सुई घेऊन झापडं स्वतःच शिवून टाकली.

आता? पोटाचं खोटं दोन-चार महिन्यांत उघडं पडेल, आणि तोवर माझ्या डोळ्यांचं काय उरेल? महादेवीनं चाचपत बैलाला झापडं बांधली. घाणा कुरकुरत फिरू लागला.

तिसरा शब्द होता. आंधळी. तो इथं, बोरी गावात, कुणालाही कळला असता... पण तोंडात गूळ होता, आणि तो गोड लागत होता, हेच तिला सोसवेना.