मल्लव्वाला घरी पोचवणारी स्कुटी

मी उत्कर्षाताईंची स्कुटी बोलतेय. रंग करडा, डावा आरसा गायब, पुढच्या मडगार्डला एक पोचा. तो पोचा मिरजेच्या मंडईतल्या एका म्हशीनं पाडलाय, पण ते सांगत बसले तर खरी गोष्ट राहून जाईल.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तो मला आठवत नाही. डोळे उघडले ते सांगलीत, विश्रामबागेतल्या शोरूममध्ये. तिथून नानासो नावाचे निवृत्त चित्रकलेचे मास्तर मला घरी घेऊन गेले. हार घातला, पेढे वाटले आणि जिन्याखाली उभी करून वर चादर घातली. आठवड्यातून एकदा दूध आणायला जायचं, आलं की पुन्हा चादर. माणसांना एखादी वस्तू आवडली की ती वापरायलाच त्यांचा जीव होत नाही. चार वर्षांत मला सांगलीसुद्धा धड माहीत झाली नाही.

मग नानासोंचे गुडघे बोलायला लागले. त्यांनी मला वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या उत्कर्षाताईंना देऊन टाकलं. ताई मूळच्या जत तालुक्यातल्या. वडील कोंडीबा अजूनही मेंढरं राखतात. ताई शिकल्या आणि सांगलीतल्या एका दत्तक संस्थेत समाजसेविका म्हणून लागल्या. पहिल्याच रविवारी त्यांनी मला थेट जतपर्यंत पळवलं. चादर जिन्याखालीच राहिली, आणि मला तिची एकदाही आठवण आली नाही.

ताईंचं काम असं: ज्यांना मूल दत्तक घ्यायचंय त्यांच्या घरी जायचं, माणसं समजून घ्यायची, कायदा आणि कागद समजावून सांगायचे, आणि मूल घरी आल्यावरही त्या घराचा हात सोडायचा नाही. माझ्या डिक्कीत त्यासाठी फायली, रेनकोट, राजगिऱ्याचे लाडू आणि एक रबरी चेंडू असतो.

अंगणात उभं राहिलं की सगळं ऐकू येतं. ताई येणार म्हटलं की लोक घर रंगवतात. एका घरात तर आजोबांना नवं धोतर नेसवून खुर्चीत बसवलं होतं आणि काही बोलायचं नाही अशी ताकीद दिली होती. ताई जवळ गेल्या तशी त्यांनी घाबरून विचारलं, "आवं बाई, मी पास झालो का?"

तर गोष्ट वाळवा तालुक्यातल्या एका घराची. कराड तिथून जवळ, चहूकडं ऊस. घरचा थोरला मुलगा शंभूराज जगदाळे सैन्यात हवालदार. त्याची बायको संयोगिता. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नाही. दोघांनी दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं होतं. त्या घरी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा शंभूराजचे वडील नाथाजी माझ्याशेजारीच बाजेवर बसले होते. त्यांनी ताईंना आत जाऊच दिलं नाही.

"बाई, एक सांगा. धाकट्या ऋषिराजला दोन पोरं हायत. त्यातलं एक हिच्या मांडीवर दिलं की झालं. एवढी कागदं कशापायी?"

"आबा, घरातलं मूल घेतलं तरी कागद लागतातच," ताई म्हणाल्या. "नुसतं मांडीवर बसवून कायद्यात ते मूल त्यांचं होत नाही. आणि त्या पोराला विचारलं का कुणी, आई बदलायची का म्हणून?"

नाथाजींनी पानाचा डबा उघडला आणि बंद केला. उत्तर आलं ते दारातून, संयोगिताकडून. "आबा, त्याला आई हाय. जिला न्हाई ती मला पायजे."

लहान बाळासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं, हे ताईंनी दोघांना नीट सांगितलं. मोठं मूल लवकर मिळतं, पण ते आपल्या सवयी आणि आठवणी घेऊन येतं, हेही सांगितलं. शंभूराज म्हणाला, "ताई, आमच्या पलटणीत बी माणसं लांबलांबून येत्यात. जमतंय हळूहळू." त्यांनी फॉर्मवर सहा ते आठ वर्षांचं मूल चालेल असं लिहिलं.

काही महिन्यांनी पोर्टलनं त्यांना जी मुलगी दाखवली, ती नेमकी आमच्याच संस्थेतली निघाली. मल्लव्वा. मी तिला चांगली ओळखत होते. रोज संध्याकाळी ती माझ्या सीटवर चढून तोंडानं घर्रर्र करत अख्खा जिल्हा फिरून यायची. चार वर्षांची असताना ती जत तालुक्यातल्या एका आठवडी बाजारात एकटी सापडली होती. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची. आईबापांचं नाव विचारलं की 'अव्वा' आणि 'अप्पा' एवढंच सांगायची. पोलिसांनी गावं पालथी घातली, पेपरात फोटो आला, कुणी आलं नाही. मग बालकल्याण समितीनं तिला दत्तक देता येईल असं लेखी दिलं.

पहिल्या भेटीला संयोगिता नवी पर्स आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आली. मल्लव्वा माझ्या मागं दडून बसली.

"बाळ, आमच्याकडं येणार का?" संयोगितानं वाकून विचारलं.

"मला टाइम न्हाई," मल्लव्वा म्हणाली. "शाळा हाय, पुन्हा गाडी बी चालवायची हाय."

शंभूराज खाली फरशीवर बसला. "गाडी कुठं चाललीय?"

"जतला."

"मग मला वाटंत सोडशील का?"

तिनं त्याच्या मिशांकडं बराच वेळ पाहिलं आणि सीटवर जागा करून दिली. त्या दिवशी हवालदारसाहेब माझ्या मागच्या सीटवर तासभर जतला जात होते. स्टँडवर उभी असताना एवढी दमल्याचं मला कधी आठवत नाही.

दिवाळीनंतर मल्लव्वा त्यांच्या घरी गेली. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तकाचा हुकूम अजून व्हायचा होता, पण तोवर सांभाळायला म्हणून मूल घरी नेता येतं. पुढचे दोन आठवडे बरे गेले. शंभूराजची रजा संपली, तो पलटणीत परतला, आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळीच ताईंचा फोन वाजला. संयोगिता रडत होती. ताईंनी चहा अर्धा टाकला आणि मला किक मारली.

अंगणात पोचलो तर सगळं घर बाहेर बसलेलं. मल्लव्वा एकटी गोठ्याच्या कोपऱ्यात.

"ताई, ताटातलं पुरतं खात न्हाई," संयोगिता सांगायला लागली. "भाकरी उचलती आन् उशाखाली लपवती. मुंग्या झाल्या. मला 'बाई' म्हणती. आम्ही किती हौसेनं अन्विता नाव ठेवलं, त्या नावाला वळून बघत न्हाई. परवा तर माझ्याकडं बघून 'अव्वा, अव्वा' करत होती. एवढीशी पोर, मला वेडावती!"

नाथाजी जमिनीकडं बघत म्हणाले, "बाई, रागावू नका. जमत न्हाई तर अजून हुकूम झाला न्हाई म्हणं. परत देता येतंय का?"

मल्लव्वानं मान वर केली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं उठून आपली पिशवी आणली, माझ्या पायदानावर ठेवली आणि पिशवीशेजारी उभी राहिली. रडली नाही. मी यंत्र आहे, पण त्या वेळी मला वाटलं, माझी चावी हरवली तर बरं होईल.

ताईंनी पिशवीला हात लावला नाही. त्या संयोगितापुढं बसल्या.

"वहिनी, कानडीत आईला काय म्हणतात माहितेय का?"

"न्हाई."

"अव्वा."

संयोगितानं पदर तोंडाला लावला.

मग ताईंनी समजावलं. संस्थेत आलेल्या मुलांना पुढचं जेवण मिळेल की नाही याची धास्ती असते. भाकरी काढून घेऊ नका, तिला तिचा डबा द्या, झाकणाचा. रोज त्यात भाकरी भरून ठेवा. डबा कधी रिकामा होत नाही हे कळलं की ती लपवणं आपोआप सोडेल. "आणि नाव," ताई जरा थांबल्या. "बाजारात सापडली तेव्हा तिच्याजवळ अंगावरचा फ्रॉक आणि हे नाव, एवढंच होतं. फ्रॉक आता होत नाही तिला."

"पर शेजारपाजारचे हसत्यात," नाथाजी म्हणाले. "मल्लव्वा जगदाळे! कसं वाटतंय ते?"

तेवढ्यात आतापर्यंत गप्प असलेल्या शालूबाई, म्हणजे शंभूराजची आई, उठल्या.

"माझं म्हायेरचं नाव काय व्हतं, सांगा बघू."

नाथाजी गडबडले. पन्नास वर्षांचा संसार, पण नाव काही आठवेना.

"हौसा. हौसा व्हतं. तुमी तांदळात बोट फिरवलंत आन् मी शालू झाले. दोन वरीस कुणी शालू म्हणून हाक मारली तर मी मागं बघत न्हवते. सासूबाई म्हणायच्या, सून बहिरी हाय. मी बहिरी न्हवते. ती हाक माझी न्हवती." त्या माझ्याकडं आल्या, पिशवी उचलून काखेला मारली आणि म्हणाल्या, "मल्लव्वा, चल गं आत. डबा कुठला पायजे ते तूच निवड."

हाक कानावर पडताच पोरगी त्यांच्या मागोमाग निघाली.

त्यानंतर आमच्या खेपा वाढल्या. मल्लव्वाला गावाजवळच्या शाळेत घालायचं होतं. तिथले कारकून जन्मदाखल्याशिवाय नाव घ्यायला तयार होईनात. वर मुलीसमोरच विचारलं, "हिचे खरे आईवडील कोण?" मी खिडकीखालीच उभी होते.

"त्यांतली आई समोर उभी आहे," ताई म्हणाल्या. "वडील सीमेवर आहेत. आणि दाखला नाही म्हणून मुलाला शाळेत घ्यायचं नाही असं कायद्यात कुठंच नाही. उलट घ्यायलाच पाहिजे, असं आहे. वाचून दाखवू?" ताईंचा आवाज चढत नाही. फक्त त्या वाचायला सुरुवात करतात. दुसऱ्या पानापर्यंत यायच्या आत नाव दाखल झालं. वहिनींना त्या एवढंच म्हणाल्या, हुकूम झाला की तुमच्या नावाचा जन्मदाखला मिळेल, तोवर संस्थेचं हे पत्र दाखवत जा आणि कुणासमोर मान खाली घालू नका.

मग जिल्हाधिकारी कार्यालयातली तारीख आली. शंभूराजला चारच दिवसांची रजा मिळाली. गाडीला उशीर झाला, म्हणून ताई मला घेऊन मिरज स्टेशनवर त्याला घ्यायला गेल्या. गणवेशातला सहा फुटी माणूस, मांडीवर काळी ट्रंक, पुढं ताई. मी जीव तोडून पळत होते. आणि ऐन वेळी, कार्यालय दीड-दोन किलोमीटरवर असताना, माझं मागचं चाक फुस्स झालं.

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. ताई रिक्षा शोधायला लागल्या. शंभूराजनं घड्याळ पाहिलं, ट्रंक खांद्यावर टाकली आणि "ताई, तुमी या मागनं" म्हणून पळतच सुटला. कडेचे लोक थांबून बघत होते. एक म्हातारा तर म्हणाला, "काय लढाई लागली काय गड्या?"

पुढचं मला ताईंकडून कळलं. संध्याकाळी ज्योतिबा पंक्चरवाला माझं चाक काढत होता आणि ताई हसत हसत त्याला सांगत होत्या. शंभूराज घामानं निथळत आत शिरला तेव्हा नाव पुकारून झालं होतं. साहेबबाईंनी मल्लव्वाला विचारलं, "हे कोण?"

"माझे पप्पा. पळत आल्यात."

"आणि तुझं नाव?"

पोरगी ताठ उभी राहिली. "मल्लव्वा शंभूराज जगदाळे." मग जरा विचार करून म्हणाली, "मराठीत बी हेच हाय आन् कानडीत बी हेच."

हुकूम झाला. नाथाजींनी बाहेर येऊन पहिल्यांदा पेढा दिला तो दारावरच्या शिपायाला. ज्योतिबानं हे ऐकून चाक बसवलं आणि पैसे घेतले नाहीत.

हुकूम झाला तरी दोन वर्षं दर सहा महिन्यांनी आम्ही जात राहिलो. मूल रुळलं का, शाळा कशी चाललीय, घराला काही अडचण आहे का, हे बघायला. शेवटची भेट गेल्या महिन्यात झाली. मल्लव्वा आता नऊ वर्षांची आहे. आम्ही पोचलो तेव्हा ती मैत्रिणींबरोबर सायकल घेऊन बाहेर निघालेली.

"ताई, बसा. अव्वा मळ्यातनं येतीच आता," म्हणाली आणि गेली. कोपऱ्यावर एका मैत्रिणीनं विचारलेलं ताईंना आणि मला दोघींना ऐकू आलं, "कोण गं त्या?"

"आमच्या पावण्या हायत," मल्लव्वा म्हणाली.

ताईंनी फॉर्म काढला, आणि बराच वेळ त्यांना लिहिताच आलं नाही, इतक्या त्या हसत होत्या. डोळे मात्र पुसत होत्या.

आता माझंही वय झालंय. सेल्फ चालत नाही, चढाला धाप लागते, ज्योतिबा मला बघून मान हलवतो. ताईंनी नवी गाडी बघून ठेवलीय. माझी काही तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. जतच्या रस्त्यावर एखादी करडी, खोकणारी स्कुटी तुमच्या पुढं हळूहळू चाललेली दिसली, तर मागून हॉर्न मारू नका, जरा दमानं घ्या. तिकडं एका घरात नवराबायको सकाळपासून रस्त्याकडं डोळे लावून बसलेत, आणि त्यांच्याकडं जायचंय.