लिनची आई

आखातातल्या अल कुसैसच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पर्णिका माहेरपणाला आली की मायलेकी दुपारी चिनी मालिका लावून बसत. हिंदीत डब केलेली. शांघायमधल्या तीन मैत्रिणींची गोष्ट. त्यांतल्या लिनवर सुनेत्राबाईंचा फार जीव. लिनचा नवरा मारत नसे, ओरडत नसे. फक्त बोलत नसे.

त्या शनिवारी लिन बॅग घेऊन माहेरी गेली आणि आईने तिला चहा पाजून परत पाठवलं. सुनेत्राबाई चवताळल्या.

"काय बाई आहे! पोटची पोर आलीय आणि हिला शेजारीपाजारी दिसतात? मी असते तर म्हटलं असतं, खड्ड्यात गेला तो नवरा, तू आत ये."

"खरंच म्हटलं असतंस?"

"म्हणजे काय!"

पर्णिकाने टीव्ही बंद केला. "मग ऐक. तन्मय आठ महिने माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. काही हवं असलं की बाजूच्या खोलीतून मेसेज टाकतो. मला परत सासरी फुजैऱ्याला जायचं नाही, आई."

सुनेत्राबाईंच्या तोंडातून निघालं ते भलतंच. "अगं, तेलाच्या टर्मिनलवर शिफ्टची ड्युटी. माणूस दमतो. तुझे बाबा तरी कुठे बोलतात? तीस वर्षं मी फ्रीजशीच बोलतेय."

पर्णिका हसली नाही.

नवऱ्याला, शैलेंद्ररावांना, सांगू सांगू म्हणता सुनेत्राबाईंची ती रात्र गेली, दुसरी सकाळही गेली. मराठी मंडळाच्या बायका काय म्हणतील, लग्नाला अजून तीन वर्षं झाली नाहीत, असं काहीबाही मनात येत राहिलं. आणि रविवारी चार वाजता तन्मयची गाडी खाली येऊन थांबली. तो वर आला नाही. पर्णिकाच्या फोनवर मेसेज आला, खाली आहे.

"यल्ला, यल्ला! चला लवकर, जावयाला ताटकळत ठेवू नका," शैलेंद्रराव म्हणाले.

पर्णिका सोफ्यावरून उठली नाही. आईकडे बघत राहिली. आईने एक शब्द बोलावा, एवढंच तिला हवं होतं.

सुनेत्राबाई आत गेल्या. सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरल्याशिवाय तिला दाराबाहेर सोडायचं नाही, हे त्यांच्या हाताला इतकं सवयीचं होतं की काय करतोय हे कळायच्या आत नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेऊन त्या बाहेर आल्या होत्या.

"आई, ओटी नको," पर्णिका हळूच म्हणाली. "ओटी भरलीस की मला जावं लागेल."

"असं बोलू नये गं. ओढणी धर."

पर्णिका क्षणभर तशीच राहिली. मग उठली आणि तिने ओढणी पसरली. तांदूळ तिच्या ओढणीत पडले तेवढा वेळ दोघींपैकी कुणीच वर पाहिलं नाही.

तीन आठवडे तिचा फोन आला नाही. चौथ्या आठवड्यात तन्मयचा आला.

"पर्णिका तिकडे आहे का? परवापासून घरी नाही."

सुनेत्राबाईंनी लेकीला फोन लावला. एकदा, दोनदा, नऊदा. दहाव्यांदा तिने उचलला.

"मी बरी आहे, आई. शारजात आहे, हाफिजाकडे. ऑफिसातली मैत्रीण माझी. तिची आई मला जबरदस्तीने दोनदा जेवायला घालते."

"अगं, परक्यांच्या घरी? इथून वीस मिनिटांवर आहेस आणि आईकडे यायचं सुचलं नाही तुला?"



"सुचलं ना. टॅक्सीत बसून आधी तुझाच पत्ता सांगितला होता. बिल्डिंगपर्यंत आले. वर खिडकीत तू वाळत घातलेले कपडे काढत होतीस. मग वाटलं, तुला पुन्हा ओटी भरायला नको लावायला."

"पर्णे, आत्ता ये. बाबांशी मी बोलते, मंडळाशी बोलते. तुझी खोली आहे. कायमची ये."

"येईन ना," पर्णिका अगदी मायेने म्हणाली. "एखाद्या रविवारी येईन भेटायला."

फोन ठेवल्यावर शैलेंद्ररावांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"येते म्हणाली."

"मग रडतेस कशाला?"

सुनेत्राबाईंनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.