जित्या माणसाच्या फोटूला हार

आमच्या मालकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हाळूला, फोटूचं लई वावडं. लेकीच्या लग्नात त्या फोटूपायीच त्यांची धाकटी बहीण रतनबाई रुसून पाटोद्याला निघून गेली, ती काय पुन्हा आमच्या दारात आली न्हाई. झालं एवढंच, की मांडवात समद्या घरच्यांचा फोटू काढला आन रतनबाई तवा पंगतीत वाढत व्हती. लग्नाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात राहतंय? ती बुंदीचं ताट घेऊन मांडवात आली, तर फोटू काढून झालेला. "एका माणसाला म्हणता आलं न्हाई का, थांबा, रतन राहिली म्हणून?" एवढं बोलली, ताट खाली ठेवलं आन गेली.

तवापासून ना राखी, ना भाऊबीज. मालक पाटोद्याला जाऊन आलते. तिनं दार उघडलं, पाणी दिलं, जेवू घातलं, पर तोंडातून शबूद काढला न्हाई. बोलायचं न्हाई म्हणजे काय बाई! मी असते तर तिथंच भांडून मोकळी झाले असते. ह्यांचं तसं न्हाई. भाऊबीजेला हा गडी एकटाच पाटाकडं बगत बसतो, आन मी इचारलं की म्हणतो, कंबर धरलीय.

तर गेल्या साली आमी मेंढरं घेऊन कपिलधारच्या डोंगराला गेलतो. तिथं ही वैष्णवी भेटली. बीडची पोरगी, गळ्यात थोरला कॅमेरा. म्हणली, "बाबा, तुमचा फोटो काढू का?" मी म्हणलं, आता हाकलतेत हिला. तवर पोरगी म्हणली, "बीडमधे फोटोंचा महोत्सव भरवणार आहोत. शहरभर फोटो लावणार. सगळा जिल्हा बघायला येईल."

मालकांनी इचारलं, "पाटोद्याचेबी?"

"येतील की."

झालं! पागोटं नीट केलं, खांद्यावर कोकरू घेतलं आन उभे राहिले. मला काय कळत न्हाई व्हय? पर मी गप बसले. गप बसायला मला लई जड जातं, तरी बसले.

महोत्सव शनिवारी सुरू झाला. आमी सकाळीच बीडात. आगं बया बया! चहाच्या टपरीला फोटू, कापडाच्या दुकानाला फोटू, मंडईत वांग्याच्या ढिगाच्या वर फोटू. आन मैदानाच्या कमानीपाशी, माणसाच्या दुप्पट उंचीचा, आमचा म्हातारा! एवढाले फोटू मी आजवर पुढाऱ्यांचेच बगितलेले, वाढदिवसाला लावतेत ते. मी एकदा फोटूकडं बगितलं, एकदा ह्यांच्याकडं. फोटूतला बरा दिसत व्हता.

उद्घाटनाला सुंदरराव पुढारी आले. माइकवरचा माणूस म्हणला, "आता सायबांच्या हस्ते प्रतिमापूजन!" त्यांच्या कार्यकर्त्यांना काय, हाताला वळणच पडलेलं. कार्यक्रम म्हणला की फोटूला हार. दोघं शिडीवर चढले आन ह्यांच्या फोटूला झेंडूचा दांडगा हार घातला. खाली समई लावली, उदबत्ती लावली. सुंदररावांनी फुलं वाहिली, डोळे मिटून हात जोडले आन वैष्णवीला हळूच इचारलं, "कधी गेले?"

पोरीला कळंना. "कुठं?"

माझं टाळकंच सरकलं. "कुठं जातेत?" मी मधातच वरडले. "हे काय, माझ्या शेजारी उभं राहून शेंगा खायलेत! माझं कुंकू धडधाकट हाय म्हणलं!"

समदं मैदान हसायला लागलं. सुंदररावबी हसले. माणूस तसा दिलदार. पुढं आले, सोताच्या गळ्यातला हार काढून मालकाच्या गळ्यात घातला आन म्हणले, "शंभर वर्षं जगा, बाबा." मी शिडीवाल्यांच्या मागं लागले, तो वरचा हार काढा आधी. तर मालकच आडवे आले. "राहू दे की गं. लई शोभून दिसतंय."

शोभून दिसतंय म्हणे! मग काय, दिवसभर लोक हारासकट फोटूचे फोटू काढत व्हते. मालकाचं ध्यान मात्र रस्त्याकडं. पाटोद्याची गाडी आली की मान उंच, माणसं उतरून झाली की मान खाली. संध्याकाळी वैष्णवीच्या घरी मुक्कामाला जाताना म्हणले, "उद्या येईल. उद्या रविवार हाय." मला लई वाईट वाटलं. म्हणून मी त्यांच्यावर वरडले, आवं, चपला नीट घाला.

रविवारी दुपारी आमी कमानीसमोर भजी खात बसलो व्हतो. तवर एक जीप कचकन थांबली आन हंबरडा आला. "दादा रं! माझ्या दादा रं!"

रतनबाई! पदर कुठं, केस कुठं, मागं तिच्या घरची चार माणसं. कुणीतरी तो हाराचा फोटू पाटोद्याला मोबाईलवर धाडला, खाली श्रद्धांजली लिहून. तिनं फोन लावला, तर मालकाचा मोबाईल नेहमीसारखा बंद. आमच्या वस्तीकडं जायची वाट बीडावरूनच. वाटंत तिला कमानीपाशी हाच फोटू दिसला, आन ती तिथंच उतरली.

मी उठायला लागले, तर मालकांनी माझा हात धरला.

"थांब," ते म्हणले. "लई दिवसांनी बोलायलीय ती."

रतनबाईनं फोटूच्या चौकटीला डोकं टेकवलं. "मला खांद्यावर घेऊन जत्रंला न्यायचास रं दादा! माझ्या वाटणीचा मार तू खायचास रं! कावून मी अशी जीभ आवळून बसले! मला काय फोटूची हौस व्हती? मला निस्तं तुझ्याजवळ उभं राहायचं व्हतं रं दादा!"

मालक तोंडात भजं तसंच धरून तिच्या मागं जाऊन उभे राहिले.

"मंग ये की, राहा उभी."

रतनबाई गर्रकन वळली. फोटूकडं बगितलं, ह्यांच्याकडं बगितलं. आन असा धपाटा घातला पाठीत, की भजं लांब जाऊन पडलं. "लाज न्हाई वाटत? जितेपणी हार घालून घेतोस?" दुसरा धपाटा घातला, आन मग त्याच हातानं भावाला कवटाळून रडायला लागली. मालकबी रडायले, हसायले. तिला चार शबूद सुनवायचे म्हणून मी तोंड उघडलं व्हतं. किती दिवस घोकून ठेवले व्हते. एकबी आठवला न्हाई. मलाच रडू फुटलं, एवढा आनंद झाला मला.

"आधी तो हार काढा!" रतनबाई शिडीवाल्यांवर वरडली. माझं एवढं ऐकलं न्हाई, तिचं बरं लगेच ऐकलं.

मग वैष्णवी कॅमेरा घेऊन पळत आली. "आत्या, बाबांच्या जवळ उभ्या राहा." जवळ कसली, रतनबाई भावाच्या दंडाला चिकटूनच उभी राहिली. तिच्या घरची माणसं मागं दाटली. भजीवाला, शेंगावाली, शिडीवालेबी फोटूत घुसले. मी आपली बाजूला पदरानं नाक पुसत व्हते. म्हणलं, भावा-बहिणीचा येऊ दे चांगला, आपण काय, रोजचंच हाय.

वैष्णवीनं कॅमेरा डोळ्याला लावला. "हं, बघा इकडं. एक, दोन..."

आन रतनबाईनं हात वर केला. आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल, अशी वरडली:

"थांब गं पोरी! वैनी राहिली!"