रुसलेल्या पाण्याचं कडं

माझ्या मोरीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली लोटली होती. नळाला तांब्याचं कडं बांधून पाणीमहाराज डोळे मिटून उभे होते.

"जड पाणी म्हणजे रुसलेलं पाणी, बाई! हे कडं त्याची समजूत काढतं."

वा रे वा! आता पाण्याचेही रुसवेफुगवे! पण तेव्हा मला हसू आलं नाही. मी धोबीण. आमच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही, नुसता चिकट साका धरतो. घासून घासून माझ्या हातांना भेगा पडलेल्या. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं होतं, पण आठवड्यापूर्वी महाराजांनी बजावलं, "मलम लावलंत तर कडं लागू पडणार नाही." त्यांना घरी आणणाऱ्या माझ्या ताईने वर शपथ घातली. आईमागे ताईनेच मला वाढवलं. मी मलम बंद केलं. भेगांतून रक्त यायला लागलं.

"पातेलं तुमच्याच घरातलं घ्या, उगाच संशय नको," महाराज म्हणाले. ताईने आतून पातेलं आणलं. त्यात कड्याच्या नळाचं पाणी घेऊन महाराजांनी साबण फिरवला आणि काय सांगू, मनगटापर्यंत फेस! लोकांनी हात जोडले.

"पुन्हा दाखवा की!" शेजारीण म्हणाली.

मी सवयीने पातेलं खळखळून विसळलं आणि भरलं. फेस नाही. परत तोच साका.

"शंका आली, पाणी रुसलं!" महाराज गरजले.

"आण इकडे, मी नीट पुसून देते," म्हणत ताईने पातेलं हिसकावलं. तिने पुसलेल्या पातेल्यात पुन्हा भरपूर फेस! या खेपेला मी स्वतः हात बुडवले आणि भेगा अशा चुरचुरल्या की डोळ्यांत पाणी आलं. ही चुरचुर मी ओळखते. धुण्याचा सोडा!

ताईच्या हातातलं फडकं ओढलं. घडीतून पांढरी पूड सांडली.

"ताई, माझे हात दिसत नव्हते तुला?"

"अगं, विकलेल्या दर कड्यामागे मला थोडे पैसे मिळणार होते... आठवडाभराने काय बिघडतंय, असं वाटलं."

महाराज केव्हाच सटकले होते. मी मात्र तिथेच रडत बसले.

तर बायांनो, चमत्कार कसला? सोड्याने पाण्यातला चुना खाली बसतो, म्हणून फेस येतो. सोडा वाण्याकडे मिळतो. कपड्यांना खुशाल वापरा, पण हातात मोजे घालून. डॉक्टरांचं औषध कुणाच्या शपथेवर सोडू नका. आणि चमत्कार बघायचाच असेल, तर आधी पातेलं स्वतः विसळा. आपल्या माणसाने दिलं असेल, तर दोनदा.