इंजेक्शन का कारबोटर

काल तोडून आणलेला ऊस गुऱ्हाळाच्या दारात मोळ्या होऊन पडला होता, चुलवाणावर रस आटवायची काहील कोरडी ठणठणीत होती, आणि भागिरथीचा नवरा अन् भाऊ इंजिनापुढे उकिडवे बसून भांडत होते. भागिरथीच्या डोक्यात सकाळपासून तिडीक उठली होती. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की रस आंबतो, आणि आंबलेल्या रसाचा गूळ काही केल्या धरत नाही. काळा चिकट लगदा होतो, तो काष्टीच्या बाजारात नेला तर कुणी हात लावत नाही. वर्षभर पाण्याची दारं धरून वाढवलेला ऊस डोळ्यांदेखत मातीत जाणार होता. या दोघांना मात्र पडलं होतं इंजिनाच्या ताकदीचं.

इंजिन जुन्या जीपचं. तिच्या नवऱ्याने, रंभाजीने, ते नगरच्या भंगारातून मोठ्या हौसेनं आणलेलं. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर सोडायचं, मग पट्ट्यावर ऊस पिळायचा चरक फिरू लागे. गेला हंगाम त्याने बऱ्यापैकी काढला. यंदा मात्र चरकात चार ऊस सरकवले की त्याचा दम उखडायचा आणि ते खोकत बंद पडायचं. "कुनाला तरी दाखवा की," एवढंच भागिरथी म्हणाली होती. त्यावर तिचा धाकटा भाऊ गोरक्ष आला. तो नगरला गॅरेजात कामाला. त्याने धड ऐकूनसुद्धा न घेता निकाल दिला, पोत्यातून एक तेलकट पंप आणि पितळी नळ्या काढल्या, आणि इंजिनाचा कार्बोरेटर सोडवून बहिणीच्या चांगल्या परातीत तुकडे तुकडे करून मांडला. परात लग्नातली होती. त्याला काय त्याचं.

"दाजी, कारबोटरचा जमाना गेला," गोरक्ष म्हणाला. "ह्यो डिझेल गाडीचा पंप हाय. त्याल मोजून, दाबून, थेट आत टोचतो. इंजेक्शनच म्हना. मग बघा ताकद."

"इंजेक्शन म्हशीला देत्यात," रंभाजी म्हणाला. "कारबोटरात त्याल यायचं भोक बारीक हाय, दुसरं काय न्हाई. दाभण घालून जरा रुंद केलं की झालं. जास्त त्याल, जास्त ताकद."

"भोक वाढवलं की नुसतं ढोसंल अन् धूर वकंल."

"आन तुजी नळी कुठं खुपसायची? हितं तिला जागाच न्हाई."

"जागा करता येती."

"माज्या इंजिनाला भोक पाडतो व्हय?"

असं दळण चाललं होतं. मध्येच दोघांनाही एकदम सुचलं की निवाडा भागिरथीने करावा.

"आक्का, तूच सांग," गोरक्ष म्हणाला.

"सांग की," रंभाजी म्हणाला. "तुज्या भावाचं इंजेक्शन, का माजा कारबोटर?"

भागिरथीला दोघांच्या डोक्यात परात घालावीशी वाटली. नवऱ्याची बाजू घ्यावी, तर गोरक्ष फुगून जाणार आणि भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तसंच राहणार. भावाची घ्यावी, तर रंभाजी जेवताना भाकरीच्या तुकड्यागणिक तिचं माहेर काढणार. आणि खरं सांगायचं तर तिला यातलं कणभर कळत नव्हतं.

"मला ऊस गाळून पायजे," ती म्हणाली. "टोचून गाळा न्हाईतर वतून गाळा."

"आसं कसं? दोनातलं एक बोलावं लागंल," रंभाजी म्हणाला, आणि दोघं पुन्हा परातीवर वाकले.

सहादू गुळव्या चुलवाणाशी चिपाडाच्या ढिगावर बसून होता. गूळ करायला तो हंगामभर असे. तो उठून हळूच भागिरथीजवळ आला. "वैनी, मोळ्या तापाय लागल्या. म्या चुलवाण पेटवू, का घरी जाऊ?"

भागिरथीने मोळ्यांकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. "बैलं जुंपा," ती म्हणाली. "कानिफनाथ भावजींच्या गुऱ्हाळावर न्यायचा ऊस."

सहादूने एकदा रंभाजीकडे बघितलं. ओढ्यापलीकडच्या कानिफनाथशी रंभाजी बोलत नव्हता. चार माणसांत 'त्याचं इंजिन नुसतं धुराचं' असं रंभाजी म्हणाला होता, ते कानिफनाथच्या कानावर गेलं, आणि तेव्हापासून दोघं रस्त्यात तोंड फिरवून जात. पण सहादूने बैल जुंपले. तो आणि भागिरथी मोळ्या भरू लागले. कुणी विचारील म्हणून भागिरथीने उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. गाडी इंजिनाजवळून निघाली तेव्हा रंभाजीने चाकाखाली येईल म्हणून पाय आखडून घेतला, वर न बघता, आणि गोरक्षला म्हणाला, "डिझेल मला शिकवू नगंस." भागिरथीला इतका संताप आला की तिने दुसऱ्या खेपेला गुरांसाठी ठेवलेली उसाची वाढीसुद्धा उचलून नेली.

कानिफनाथ आपल्या गुऱ्हाळाच्या दारातच उभा होता. आत चरक रिकामा फिरत होता. त्याने गाडी बघितली, मग भागिरथीकडे बघितलं.

"वैनी, रंभाजीला बोलता येत न्हाई व्हय?"

"लई येतं, भावजी. त्येनंच तर घोळ झाला."

तो हसला नाही, पण त्याचा चेहरा सैल पडला. "टाका मोळ्या. आज पाळी मोकळीच हाय. पर माजं गडी बाजारला गेल्यात. चरकावर ऊस लावाय दोन मानसं तुमची द्या."

"देते," भागिरथी म्हणाली. पहिली मोळी तिने स्वतःच खाली ओढली. ज्या दारात नवरा पाय ठेवत नाही तिथे आपण पदर पसरला, हे तिला झोंबत होतं. पण ऊस वाचला होता.

सहादू मोळी उतरवता उतरवता इंजिनाकडे बघत होता. "मालक, ह्याला काय हाय? इंजेक्शन का कारबोटर?"

"काय की बाबा," कानिफनाथ म्हणाला. "चालतंय."

दुसरी खेप उतरवून भागिरथी एकटीच परत निघाली आणि ओढ्यातच तिला आवाज ऐकू आला. इंजिन चाललं होतं. खोकत नव्हतं, अडखळत नव्हतं, घुमत होतं. ती पाय उचलून वर आली तर रंभाजी आणि गोरक्ष तेलकट हातांनी, पोरगं झाल्यासारखे खूश होऊन उभे होते.

"आक्का, भोकात गूळ निघाला," गोरक्ष ओरडून सांगू लागला. "दाजी रॉकेल रसाच्या फडक्यातनं गाळत हुते. साकर जाऊन जाऊन भोक चोंदलं. धुऊन परत बसवला कारबोटर, झालं."

"म्हंजी कारबोटर चांगलाच हुता," रंभाजी म्हणाला.

"इंजेक्शन आसतं तर दाबानं गूळसुदिक भाईर फेकला आसता."

"आता तरी सांग, कोन बरोबर?" रंभाजी बायकोकडे वळला. "न्हाईतर राहू दे. आदी ऊस आना. सहादू कुठाय? चरक कसा पळतोय बग. गेला हंगाम इसरशील."

त्याने ऊस घ्यायला हात मागे केला. मागे काही नव्हतं. अंगणात पाचट पसरलं होतं आणि गाडीच्या चाकोऱ्या ओढ्याकडे गेल्या होत्या.

"ऊस कुठाय?" तो म्हणाला.

"कानिफनाथ भावजींकडं. चरक तिथं बी पळतोय. ऊस लावाय त्यांनी दोन मानसं मागितल्यात." भागिरथीने आधी नवऱ्याकडे, मग भावाकडे बोट केलं. "तुमी आन ह्यो."

रंभाजीचा चेहरा पडला. त्याने ओढ्याकडे बघितलं. भागिरथीला त्याची दया आली, पण तिने बोट खाली घेतलं नाही. आज दुपारी त्या दारात मान खाली घालून आधी ती उभी राहिली होती. शेवटी त्याने धोतराचा सोगा खोचला आणि इंजिन बंद करायला हात पुढे केला. गोरक्षने त्याचं मनगट धरलं.

"दाजी, चालू ऱ्हाऊ द्या. पुन्ना लागलं न्हाई म्हंजी?"

दोघं विचारात पडले. रिकामा चरक गरगर फिरत होता, रॉकेल जळत होतं, आणि ओढ्यापलीकडे तिचा ऊस माणसांची वाट बघत होता. भागिरथी पुढे झाली आणि तिने रॉकेलची चावी बंद केली.